‘बाबांना सांगू नकोस’

*ताई, गेल्या आठवड्यात मुलीसाठी स्वेटर घेतला. पैसे भरून दाराशी आले तर अलार्म वाजला. गार्डने काही न विचारता हातातली पिशवी ओढून घेतली. मी पावती शोधत होते, तरी ‘आधी सगळं बाहेर काढा’ म्हणाला आणि रांगेतल्या लोकांसमोर माझी पर्ससुद्धा टेबलावर रिकामी केली. स्वेटरचा टॅग काउंटरवर बंद करायचा राहून गेला होता. ते कळल्यावर ‘ठीक आहे, जा’ एवढंच म्हणाला. उलट मीच ‘सॉरी’ म्हणून बाहेर पडले! तेव्हापासून नीट झोप नाही. त्याला काय काय सुनवायला हवं होतं, ते रात्रभर सुचत राहतं. मुलगी ९ वर्षांची, सोबतच होती. बाबांना यातलं काही बोलू नकोस म्हणून तिला बजावलंय, उगाच विषय वाढतो. आता तक्रार करू की सोडून देऊ? आणि त्या दुकानात पुन्हा जाऊ की नको?*

*– अपमानित*

अहो बाई, गार्डबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत. त्याचा आवाज कसा होता, पर्समधला कंगवा आणि गोळ्यांची पट्टी त्याने कशी एकेक करून मांडली, सगळं. जागेअभावी मी ते कापलंय. लेकीबद्दल मात्र दीड ओळ, तीही जाता जाता. मला त्या दीड ओळीबद्दलच बोलायचंय.

तिने काय पाहिलं, ते तिच्या उंचीवरून बघा. दार ओरडलं. एका माणसाने आईची पिशवी हिसकावली. सगळे बघायला लागले, आईचा चेहरा पडला, आई ‘सॉरी’ म्हणाली. आणि बाहेर आल्यावर आईने बजावलं, बाबांना सांगू नकोस. आता ९ वर्षांच्या पोरीने याचा काय अर्थ लावायचा? सॉरी कोण म्हणतं आणि घरी काय लपवतात, हे त्या वयाला पक्कं ठाऊक असतं. टॅग, पावती, काउंटरवरची चूक हे सगळं मोठ्यांच्या डोक्यावरून झालेलं बोलणं. तिच्यापर्यंत त्यातलं किती पोचलं असेल? त्यात स्वेटर तिचाच. आईने आपल्यासाठी चोरी केली, असं तिच्या मनाने घेतलं असेल तर? घातलाय का तिने तो त्या दिवसानंतर? बघा जरा.

तुम्ही निर्दोष आहात, हे मला मान्यच आहे. पण त्याबद्दल तुमचे डोळे पुसत बसायला आज मला वेळ नाही, कारण दुकानातून बाहेर पडल्यावर जे झालं ते गार्डने केलेलं नाही. उद्या कुणी मोठा माणूस या मुलीशी वावगं वागला, तर ती गप्प बसेल. असं काही झालं की घरी बोलायचं नसतं, हे तिला तुम्हीच शिकवलंत. मी चिडले आहे ती यावर.

तेव्हा आज रात्री तिघं एकत्र असताना तुम्ही स्वतः विषय काढा. लेकीच्या देखत नवऱ्याला सगळं सांगा. तिला आधीच बाजूला घेऊन ‘आता सांगितलं तरी चालेल’ वगैरे नको, तेही पुन्हा गुपितच. ‘मी पैसे भरले होते, माझी काही चूक नव्हती, तरी मी सॉरी म्हणाले आणि तुला गप्प बसायला सांगितलं, ते माझं चुकलं,’ हे तिने तुमच्या तोंडून ऐकायला हवं. ‘विषय वाढतो’ म्हणजे काय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी अंदाज बांधू शकते. ‘तूच नीट बघायचं ना,’ असं ते म्हणणार, होय ना? म्हणू देत. ‘टॅग बंद करायचं काम काउंटरवरच्यांचं असतं,’ असं शांतपणे सांगा. लेकीने तेही ऐकलेलं बरं.

टॅगचं पुठ्ठं अजून फेकलं नसेल तर ते तिच्या हातात द्या आणि सोलून दाखवा. आत पातळ, चकचकीत पट्ट्या निघतील, नाहीतर तारेसारखी चौकोनी गुंडाळी. पट्ट्यांचा टॅग असेल तर दाराशी उभे असलेले खांब साधारण ५८ किलोहर्ट्झचे स्पंद सोडतात आणि आतली पट्टी थरथरून त्यांना ओ देते. काउंटरवरच्या पॅडवरून नेलं की आतलं चुंबकत्व जातं आणि पट्टी गप्प होते. गुंडाळीवाल्या टॅगचं गणित वेगळं, साधारण ८.२ मेगाहर्ट्झचं, पण कथा तीच. कॅशियरचा हात जरा वरून गेला की टॅग जिवंत राहतो. दुसऱ्या दुकानातल्या खरेदीवर असा टॅग राहिला असेल तरी हे दार बोंब मारू शकतं. जिवंत टॅग चाललाय, एवढंच दाराला कळतं. पैसे दिलेत का हे कळण्याची त्याला सोयच नाही. या वयाच्या मुलांना यंत्र कसं चालतं ते कळलं की निम्मी भीती तिथेच उतरते.

राहिली तक्रार. करा, आणि लगेच करा, कारण कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण काही काळाने आपोआप पुसलं जातं. पावतीचा फोटो, तारीख, वेळ आणि चार वाक्यं पुरेत. बहुतेक देशांत खासगी गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात. थांबायची विनंती करणं वेगळं आणि न विचारता पर्स उलटी करणं वेगळं. तेव्हा ‘वाईट वागणूक मिळाली’ असं मोघम न लिहिता पिशवी हिसकावली, संमती न घेता पर्स रिकामी केली, असं नेमकं लिहा. दुकानाने तुमची लेखी माफी मागावी, असंही त्यात लिहा. दुकानात पुन्हा जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याला माझा सल्ला कशाला?

ई-मेल लिहायला बसाल तेव्हा लेकीला शेजारी घ्या. तुम्हाला गार्डचा आवाज आठवतोय. कोणत्या दाराशी अडवलं, काउंटरवर कोण होतं आणि किती वाजले होते, ते बहुतेक तिलाच आठवत असेल.