व्हिजिटवर दुबई, मग दोन दिवस ‘बाहेर’, मग नोकरीचा व्हिसा : एका पालकाच्या पत्राला उत्तर

प्रश्न : सर, सादर नमस्कार. माझा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षे लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे, पण ठेकेदाराच्या नावावर. नात्यातल्या एकाच्या ओळखीचा एजंट त्याला दुबईला पाठवतो म्हणतो. आधी ६० दिवसांचा व्हिजिट व्हिसा, पोचल्यावर लगेच काम सुरू, आणि महिन्याभराने दोन दिवस किश नाहीतर ओमानला जाऊन आला की नोकरीचा व्हिसा, असे त्याने सांगितले आहे. एकूण १ लाख ३० हजार मागतो, निम्मे आधी. व्हॉट्सअॅपवर कंपनीचे पत्र आले आहे. त्यात हुद्दा ‘जनरल हेल्पर’ लिहिला आहे, नंतर बदलून मिळेल म्हणतो. मुलगा हटून बसला आहे. असे बाहेर जाऊन येणे कायदेशीर असते का? घरातले दागिने ठेवून पैसे उभे करावेत का?
— एक पालक, ता. खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : नमस्कार.

दागिन्यांचे आधी सांगतो. आज ते गहाण ठेवू नका आणि एजंटाला आगाऊ रक्कमही देऊ नका. पण मुलाला पाठवूच नका, असे मी म्हणणार नाही. डिप्लोमा आणि केमिकल प्लांटमधला दोन वर्षांचा मेंटेनन्सचा अनुभव असलेल्या मुलाला आखातात चांगले काम मिळू शकते. माझा आक्षेप या एजंटाने सांगितलेल्या क्रमाला आहे.

बाहेर जाऊन नव्या व्हिसावर परत येणे बेकायदा नाही. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, नोकरीचा व्हिसा दोन तऱ्हांनी होतो. माणूस देशाबाहेर असताना कंपनी त्याच्या नावाने प्रवेश परवाना काढते आणि तो त्यावर आत येतो, ही एक. माणूस व्हिजिटवर आतच असतो आणि शुल्क भरून तिथल्या तिथे त्याचे ‘स्टेटस’ बदलले जाते, ही दुसरी. त्यामुळे कंपनी खरी असेल आणि तिने परवाना काढलेला असेल तर मुलाला बाहेर पाठवण्याची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. ते शुल्क वाचवायचे म्हणून काही कंपन्या पाठवतात, तेही एकवेळ समजू शकते.

पण गल्फमध्ये ‘एक्झिट मारून ये’ असे जे सर्रास म्हणतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. नोकरीचा परवाना हातात आहे आणि केवळ त्यावर शिक्का मारून घेण्यासाठी बाहेर जायचे, ही एक गोष्ट. व्हिजिटची मुदत संपत आली, परवान्याचा पत्ता नाही, म्हणून बाहेर जाऊन दुसऱ्या व्हिजिटवर परत यायचे, ही दुसरी. एजंट पहिली सांगतो आणि मुलाच्या वाट्याला दुसरी येते, असे खूपदा होते. म्हणून त्याला एकच प्रश्न विचारा : मुलगा यूएई सोडेल त्या दिवशी त्याच्या नावाचा नोकरीचा प्रवेश परवाना निघालेला असेल का, आणि त्याची प्रत आम्हाला आधी मिळेल का? ‘तिकडे गेल्यावर दोन दिवसांत येतो’ असे उत्तर आले तर तो विषय तिथेच संपवा.

किश हे इराणचे बेट. मुक्त व्यापार क्षेत्र असल्यामुळे तिथे वर्षानुवर्षे व्हिसाशिवाय उतरता येत असे, आणि दुबईहून विमानाने ते अगदी जवळ. त्यामुळे व्हिसा बदलायला निघालेले हजारो भारतीय, फिलिपिनो आणि इतर कामगार तिथे जाऊन राहिले. परवाना वेळेवर आला तर दोन रात्रींत परत. नाही आला तर हॉटेलचे भाडे अंगावर चढत जाते, खिशातले दिरहम संपतात, आणि पुढेही जाता येत नाही, मागेही येता येत नाही. तिथे आठवडेच्या आठवडे अडकून पडलेल्यांच्या हकिगती गल्फमधल्या जुन्या माणसांकडून तुम्हीही ऐकल्या असतील. आता तर किशचा विचारच नको. भारतीयांना नोकरीच्या आमिषाने इराणमध्ये नेऊन खंडणीसाठी ओलीस ठेवल्याचे प्रकार घडल्यावर इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून साध्या भारतीय पासपोर्टची व्हिसामाफी थांबवली, आणि इराणमार्गे विनाव्हिसा पाठवतो म्हणणाऱ्या एजंटांपासून दूर राहा, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीरपणे सांगितले. त्यानंतरही जो एजंट किशचे नाव घेतो, त्याला परिस्थिती माहीत नाही किंवा तुमच्या मुलाची पर्वा नाही. दोन्हींचा अर्थ तुमच्यासाठी एकच.

ओमानचा रस्ता खुश्कीचा आहे, पण तिथेही भारतीयाला व्हिसाच्या अटी पाळाव्या लागतात आणि परवान्याचा प्रश्न तोच राहतो. खरे तर आपल्या मुलांना या दोन्ही ठिकाणी जाण्याची गरजच काय? मुंबई-दुबई प्रवास सुमारे तीन तासांचा. बाहेर पडावेच लागले तर त्याने सरळ घरी यावे. परवान्याला आठ दिवस लागोत की महिना, तो स्वतःच्या घरी असेल, जेवणा-राहण्याचा खर्च नसेल, आणि काम फिसकटले तर परतीच्या तिकिटाची चिंता नसेल. विमानाचे भाडे थोडे जास्त पडेल, ते पडू द्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘पोचल्यावर लगेच काम सुरू’ या शब्दांची. व्हिजिट व्हिसावर काम करणे यूएईत बेकायदा आहे. एक दिवसही नाही, ‘ट्रायल’ म्हणूनही नाही. २०२४ मध्ये तिथल्या कामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड ठेवला गेला. दंड मालकाला असला तरी मुलगा सुटत नाही. तपासणीत सापडला तर हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, तो महिनाभर जे काम करील त्याचा कागद कुठेच नसेल. नोंदलेला करार नाही, बँकेतून जमा होणारा पगार नाही. तुमचा मुलगा मेंटेनन्सचा माणूस. पंप, मोटार, शिडी, वेल्डिंगच्या जवळचे काम. हाताला काही झाले तर तो त्या कंपनीचा कामगार होता हे सिद्ध तरी कशाने करणार?

व्हिजिटची मुदत उलटली तर दिवसाला ५० दिरहम दंड लागतो, म्हणजे साधारण बाराशे रुपये. ‘कंपनी भरेल’ हे तोंडी आश्वासन असते.

आता हुद्द्याकडे येतो. तुमच्या पत्रात ती ओळ जाता जाता आली आहे, पण मुलाच्या पुढच्या दहा वर्षांच्या दृष्टीने तीच मोठी आहे. यूएईत परवान्यावर जो हुद्दा पडतो, त्यावर पगार ठरतो, पुढची नोकरी ठरते, अनुभवाचे पत्र कसे मिळणार तेही ठरते. तीन वर्षे फिटरचे काम करून कागदावर हेल्पर राहिलेली मुले आहेत, आणि दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेल्यावर त्यांना पुन्हा हेल्परचाच पगार सांगितला जातो. डिप्लोमाधारकाला टेक्निशियनचा हुद्दा हवा असेल तर प्रमाणपत्र साक्षांकित लागते, आणि ते काम इथूनच सुरू होते : आधी राज्य सरकारच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास किंवा वकिलात, आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. यूएईसाठी नुसते अपॉस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय साक्षांकनाचा शिक्का, पुरत नाही. याला काही आठवडे सहज जातात. व्हिजिटवर घाईने गेलेल्या मुलाकडे साक्षांकित डिप्लोमा नसतो, दिवस मोजके असतात, म्हणून तो ‘हेल्पर तर हेल्पर’ म्हणून सही करतो. ‘नंतर बदलून मिळेल’ ही आशा मुलाने ठेवू नये. जो हुद्दा हवा, तो पहिल्याच ऑफर लेटरवर हवा.

त्या ऑफर लेटरबद्दल. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफला मी कागद मानत नाही. मुख्य भूमीवरची, म्हणजे फ्री झोनबाहेरची, कंपनी असेल तर खरी ऑफर यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यात असते. तिच्यावर क्रमांक असतो, आणि पुढे नोंदला जाणारा करार त्या ऑफरशी जुळावा लागतो. जेबेल अलीसारख्या फ्री झोनमधली, म्हणजे स्वतःचे प्राधिकरण असलेल्या खास व्यापारी क्षेत्रातली, कंपनी असेल तर कागद त्या झोनच्या प्राधिकरणाचा असतो. मंत्रालयाची ऑफर अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला कळणाऱ्या तिसऱ्या भाषेत घेता येते, आणि त्या भाषांत हिंदी आहे. मुलाने हिंदी प्रत मागावी. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, तर तुम्हालाही घरात बसून ती नीट वाचता यावी म्हणून. मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळे पाहा, कारण नोकरी सोडताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात. चाचणीचा काळ कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पासपोर्ट कंपनीने अडकवून ठेवायचा नाही, हेही कायद्यात आहे.

आणि १ लाख ३० हजार? यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपर्यंतच घेता येते, तेही पावती देऊन. तुमच्या एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो चालू आहे का ते पाहा. नोंदणीच नसेल तर त्याला परदेशी नोकरीसाठी माणूस पाठवण्याचा अधिकारच नाही. नात्यातल्या माणसाच्या ओळखीचा म्हणून विचारायला संकोच वाटेल, मला कल्पना आहे. तरी विचारा. ‘आझाद व्हिसा’ देतो असे कोणी म्हणाले, म्हणजे परवाना एकाच्या नावाचा आणि काम दुसरीकडे, तर तेही बेकायदाच आहे.

एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी नोकरीसाठी मंजुरी आवश्यक’ अशी नोंद असते, आणि त्याला यूएईसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार तपासला जातो आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही उतरवला जातो. तुमचा मुलगा शिकलेला, म्हणून त्याला ही मंजुरी लागत नाही. विमानतळावर त्याचा करार कोणी पाहणार नाही. म्हणजे ती तपासणी तुम्हालाच घरी बसून करायची आहे.

‘जॉब सीकर’ व्हिसा नावाचा प्रकार कोणी सुचवला तर सांगून ठेवतो, त्याला किमान पदवी लागते. डिप्लोमावर तो मिळत नाही.

मुलावर रागावू नका. दोन वर्षे ठेकेदाराच्या हजेरीवर काम करणाऱ्या, कंपनीच्या कायम कामगाराशेजारी उभे राहून तेच काम निम्म्या पगारात करणाऱ्या मुलाला बाहेरची वाट दिसणे स्वाभाविक आहे. त्याचा हट्ट मला योग्यच वाटतो. त्याला ‘नाही’ म्हणण्याऐवजी पुढच्या दोन-तीन महिन्यांचे काम द्या. डिप्लोमाचे साक्षांकन आजच सुरू करा. लोट्यात त्याने पंप ओव्हरहॉल केले असतील, मेकॅनिकल सील बदलले असतील, हीट एक्स्चेंजर उघडले असतील, वार्षिक शटडाउनला रात्रपाळ्या केल्या असतील. हे सगळे नाव घेऊन लिहिलेले अनुभवपत्र ठेकेदाराकडून घ्या, आणि जमल्यास कंपनीच्या मेंटेनन्स इंजिनीअरचीही सही मिळवा. ‘दोन वर्षे काम केले, वर्तणूक चांगली’ एवढ्या पत्राला तिकडे किंमत नाही. अबू धाबीतल्या रुवैससारख्या रिफायनरीच्या पट्ट्यात शटडाउनचा अनुभव विचारतात. आखाती कंपन्यांच्या मुलाखती आणि ट्रेड टेस्ट मुंबईत नोंदणीकृत एजन्सींमार्फत होत असतात, खेडहून रात्रीच्या गाडीने जाऊन त्या देता येतात. तिथे निवड झाली तर परवाना इथे बसून हातात येतो आणि ‘बाहेर जाऊन येण्याचा’ प्रश्नच उरत नाही.

जाण्याआधी छातीचा एक्स-रे इथेच काढून घ्या. तिकडे पोचल्यावर रहिवासी व्हिसासाठी टीबी आणि एचआयव्हीची तपासणी होते, आणि तिथे अडचण निघाली तर सगळा खर्च वाया जातो.

इतके करूनही मुलाला व्हिजिटवर जाऊन स्वतः कंपन्या पाहायच्या असतील तर जाऊ द्या, पण स्वतःच्या साठवलेल्या पैशांत, परतीच्या तिकिटासह, राहण्याचा पक्का पत्ता आणि खर्चापुरत्या पैशांची सोय दाखवता येईल असे. मुलाखती द्याव्यात, काम करू नये. ऑफर मिळाली तर तिथेच स्टेटस बदलून मागावे, कंपनी नाही म्हणाली तर घरी यावे आणि परवाना आल्यावर जावे. मुदतीच्या आठवडाभर आधी काहीच ठरले नसेल तरीही परत यावे. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा ८००४६३४२ हा तिथून मोफत लागणारा क्रमांक त्याच्या फोनमध्ये आणि तुमच्या डायरीत, दोन्हीकडे असू द्या.

मंत्रालयाच्या किंवा फ्री झोनच्या नमुन्यातली ऑफर हाती आली की तिची प्रत मला पाठवा. हुद्दा, मूळ पगार आणि कंपनीचे नाव पाहून दोन दिवसांत कळवतो. तोवर लोट्याची नोकरी त्याने सोडू नये.