मुलाखतीसाठी कपडे द्यायचे असतील तर वाटप-कार्यक्रम नको

तुमच्या गटाकडे गरजू नोकरी-शोधकांसाठी तीनशेच्या आसपास फॉर्मल कपडे जमलेत आणि एकाच दिवशी मोठं वाटप करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. मी अकरा वर्षं हे काम करतेय आणि पहिलं वर्ष आम्ही नेमकं यातच घालवलं. टेबलांवर ढीग मांडले, लोक रांगेत आले, हाताला लागेल ते घेऊन गेले. पुढे विचारपूस केली तेव्हा कळलं, त्यातलं फार थोडं मुलाखतीला घातलं गेलं. कुणाची पँट कमरेत ढगळ होती, कुणाच्या बाह्या तोकड्या, आणि बूट तर कुणालाच मिळाले नव्हते.

एका वेळी एकच माणूस बोलवा, तोही मुलाखतीची तारीख हातात असलेला. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये नॅन्सी लुब्लिन यांनी पणजोबांच्या वारशातून आलेल्या ५,००० डॉलरवर ‘ड्रेस फॉर सक्सेस’ ही नोकरी शोधणाऱ्या बायकांना मुलाखतीचे कपडे देणारी संस्था सुरू केली. तिथली पद्धत उचलण्यासारखी आहे. निवारागृहं, प्रशिक्षण केंद्रं अशा संस्था बाईला पाठवतात, मुलाखतीसाठी तिला एक पूर्ण जोड मिळतो, आणि नोकरी लागली की आणखी कपड्यांसाठी ती परत येते. हे दुसरं बोलावणं मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. पहिला पगार हातात यायला महिना लागतो, आणि कामावर जायचं असतं दुसऱ्याच दिवसापासून. काळी पँट किंवा सेफ्टी शूज स्वतः आणा, असं सांगितल्यावर लागलेली नोकरी सोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

कपडे निवडताना कॉलरची घडी, काखेतले डाग आणि कोपरावरची चकाकी उजेडात बघा. मन घट्ट करून बाद करा. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून विटका शर्ट कुणाच्या अंगावर चढवू नका. मोठी मापं, पुरुषांचे कपडे आणि बूट कायम कमी पडतात. पुरुष शर्ट-पँट विरेपर्यंत वापरतात, त्यामुळे देण्याजोगं फारसं उरत नाही. पुढचं आवाहन फक्त या तीन गोष्टींसाठी करा.

आणि एक शिंपी जोडून घ्या. आमच्याकडे शिंपीकाका आले आणि कामाचा नूरच पालटला. ब्लेझर आधी खांद्यात बसतोय का ते बघायचं, हे त्यांनी शिकवलं. बाह्या, कंबर, उंची जमवता येते, खांदे उसवून नीट बसवणं जिकिरीचं असतं. पँट सैल करायची तर आत शिलाईला माया, म्हणजे जादा कापड, किती सोडलं आहे ते आधी तपासायचं.

कपडे घालून झाले की माणसाला खुर्चीवर बसायला सांगा. एकदा पन्नाशीच्या एका ड्रायव्हरदादांना उभ्याने सगळं छान दिसलं, आम्ही खूश होऊन निरोप दिला, आणि मुलाखतीत बसल्यावर पोटाशी बटणं ताणली गेली. अर्धा तास ते फाइल पोटावर धरून बोलले. चूक आमची होती. मुलाखत बसून द्यायची असते, एवढं साधं आम्हाला सुचलं नव्हतं.

काम कोणतं आहे तेही विचारा. गोदामातल्या कामासाठी सूट घालून गेलेला माणूस तिथे अवघडतो. स्वच्छ शर्ट, नीट पँट, पुसलेले बूट पुरतात. निवड मात्र त्याची असू द्या. पडदा लावलेली जागा हवी आणि पूर्ण उंचीचा आरसा हवा. तुम्हाला आवडलेला ब्लेझर त्या बाईने नाकारला तर आग्रह करू नका, ज्यात ती मोकळी वावरते तेच तिला द्या. फोटो काढू नका, देणगीदारांनी मागितले तरी नाही. जुने कपडे घेताना काढलेला फोटो उद्या तिच्या ऑफिसात कुणी पाहावा, असं तिला का वाटेल?

तुमच्या तीनशेतले शंभर-सव्वाशे टिकतील, असा माझा अंदाज. ते धुऊन, इस्त्री करून, माप लिहून हँगरला लावा आणि जवळच्या एखाद्या प्रशिक्षण केंद्राला विचारा, येत्या पंधरा दिवसांत कुणाकुणाच्या मुलाखती आहेत. तिघं-चौघं निघाले तरी सुरुवातीला पुरे. मापांची चिठ्ठी कशी करायची ते हवं असेल तर इथेच विचारा, आमची देते.