मताची पिंक

ठाण्यात नौपाड्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तात ‘अमुक सभासदांनी आपल्या मताची पिंक टाकली’ असे वाक्य आले आणि त्यावरून वाद झाला. ‘पिंक’ म्हणजे इंग्रजीतील गुलाबी रंग का, आणि हे वाक्य खरोखर अपमानकारक आहे का, अशी विचारणा तेथील एका भगिनींनी केली आहे.

रंगाशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. विडा चघळताना तोंडात साठणारा आणि थुंकून टाकला जाणारा तांबडा रस म्हणजे पिंक. हिंदीत त्याला पीक म्हणतात, आणि मराठीतही ‘पिकदाणी’ या शब्दात त्याचे अनुस्वार नसलेले रूप टिकून आहे. मुळात नसलेला अनुनासिक मराठीत येणे नवलाचे नाही: संस्कृत ‘भित्ति’ची हिंदीत भीत झाली, मराठीत मात्र भिंत झाली. भीत आणि भिंत, पीक आणि पिंक या जोड्या शेजारी ठेवल्या की, अनुस्वार येताच दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो हेही दिसते. धान्याचे पीक हा शब्द अगदी वेगळा, ‘पिकणे’ या क्रियापदाशी जोडलेला आणि नपुंसकलिंगी आहे; ही पिंक स्त्रीलिंगी आहे.

लक्षणेने हा अर्थ मतापर्यंत कसा पोहोचला, हे समजण्यासाठी पान खाणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणावे. तोंड रसाने भरलेले असताना तो मान वर करून नुसता हुंकार देतो, मग जाता जाता जिन्याच्या कोपऱ्यात पिंक टाकतो आणि मागे वळून न पाहता पुढे जातो. डाग उरतो तो इतरांसाठी. विचारलेले नसताना, विषयाचा अभ्यास नसताना आणि पुढच्या कामाची जबाबदारी न घेता दिलेल्या अभिप्रायाला ही उपमा इतकी चपखल बसते की तिच्या जागी दुसरा शब्द मला सुचत नाही. ‘नाक खुपसणे’ यात निदान त्या प्रकरणात शिरणे तरी असते, आणि ‘मत मांडणे’ यात तर मांडणी, म्हणजे क्रम आणि विचार, गृहीतच आहे. टाकण्यात यातले काहीच नाही.

हा वाक्प्रचार ते मत चूक आहे असे मात्र म्हणत नाही. तो मत देण्याच्या रीतीला नावे ठेवतो. म्हणूनच ‘मीही माझी एक पिंक टाकतो’ असे कोणी स्वतःविषयी म्हटले, तर तो विनय ठरतो आणि ऐकणाऱ्यालाही खटकत नाही. तेच शब्द दुसऱ्याविषयी वापरले की त्याचे बोलणे थुंकीसारखे होते असा अर्थ निघतो, आणि ज्या सभासदाला सभेत बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे त्याच्याविषयी कायम जपल्या जाणाऱ्या इतिवृत्तात असे लिहिणे, माझ्या मते, अपमानकारकच आहे. तेथे ‘मत नोंदवले’ अशी दुरुस्ती करून घ्यावी.