बॉक्सर तर बरेच होऊन गेले, मग मोहम्मद अलीचंच एवढं नाव का?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. लिस्टन आणि फोरमन या बॉक्सरांशी झालेल्या लढती, मनिलातली फ्रेझरशी लढत हे सगळं तुम्हाला माहीत असणार, ते सोडून लिहितो.

अलीची सगळ्यात मोठी लढत रिंगमध्ये झालीच नाही. ती व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 28 एप्रिल 1967 ला अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या सैन्यभरती केंद्रात झाली. तिथली रीत अशी, की नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं. टाकलं की तुम्ही फौजेत. त्याचं नाव पुकारलं, तेही त्यानं टाकून दिलेलं जुनं नाव, कॅशिअस क्ले. तो जागचा हलला नाही. नकार दिला तर तुरुंग आहे अशी समज देऊन पुन्हा पुकारलं. तरी नाही.

हे मला एकोणिसाव्या वर्षी घरात सांगायचं होतं. जमलं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. माझे चुलते, आप्पा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, एकाहत्तरची लढाई केलेले. मी तेव्हा जिल्हा पातळीवर बॉक्सिंग खेळायचो. माझ्या खाटेच्या वरच्या भिंतीवर अलीचं चित्र होतं, लिस्टनला पाडून वर उभा राहिलेला. मी कोल्हापूरच्या भरतीला जाणार नाही म्हणालो, त्या रात्री आप्पा आत आले. चित्राचे चारही कोपरे नखानं सोडवले, कुठं फाटू दिलं नाही, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "लढाईला भ्याला त्यो. आन् तूबी त्याच्याच वळणावर." मी मान खाली घालून उभा राहिलो.

आप्पा, तो भ्याला नव्हता. भिणाऱ्यासाठी तर वर्दी घालणंच सोपं होतं. दुसऱ्या महायुद्धात जगज्जेता बॉक्सर जो लुईस फौजेत गेला, तेव्हा त्याला आघाडीवर पाठवलं नाही. जवानांसमोर प्रदर्शनी लढती करायला लावल्या. अलीलाही बहुतेक तेच मिळालं असतं, आणि जगज्जेतेपदाचा किताबही राहिला असता. त्याला ते नको होतं. व्हिएतनामच्या लोकांशी आपलं वैर नाही, आणि आपल्याच देशात काळ्या माणसाला माणूस म्हणून वागवत नाहीत, हे तो उघड बोलला.

किंमतही मोजली. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगानं लढण्याचा परवाना काढला, किताब गेला. जूनमध्ये 5 वर्षांची कैद आणि 10,000 डॉलर दंड. अपील चालू असल्यामुळे तुरुंगात गेला नाही, पण पासपोर्ट जप्त, म्हणजे परदेशातही लढता येईना. पंचविसाव्या वर्षी थांबला तो अठ्ठाविसाव्या वर्षी, ऑक्टोबर 1970 मध्ये अटलांटात पुन्हा उभा राहिला. मी आता संध्याकाळी पोरांना शिकवतो, म्हणून सांगतो, बॉक्सरच्या पायात जी चपळाई असते ती याच वर्षांत. ती परत मिळत नाही. सुप्रीम कोर्टानं 28 जून 1971 ला 8 विरुद्ध 0 मतांनी शिक्षा रद्द केली, पण वर्षं कोण देणार?

(माझ्या नकाराची त्याच्याशी बरोबरी करत नाही. मला कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं.)

प्रभाव म्हणाल तर 1990 मध्ये आजारी असताना बगदादला जाऊन त्यानं 15 अमेरिकन ओलीस सोडवून आणले. तोवर कंपवाताचं निदान होऊन सहा वर्षं झाली होती. 1980 ला लॅरी होम्स या बॉक्सरशी त्यानं लढायलाच नको होतं, हे माझं ठाम मत.

1996 च्या जुलैत अटलांटा ऑलिंपिकचं उद्घाटन आम्ही घरी टीव्हीवर पाहिलं, आपल्याकडे सकाळ होती. अलीच्या उजव्या हातात मशाल, डावा हात थरथरतोय. आप्पा चहा विसरून पुढे वाकले होते. ज्योत पेटली तेव्हा एवढंच म्हणाले, "हात लई कापतोय रं त्याचा." भ्याला हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आला नाही, पण मागेही घेतला नाही. काही वर्षांत ते गेले.

तुमच्या घरातही असा वाद असेल तर वेळेत बोलून घ्या. तारखा, आकडे पाठ करून बसा, नुसत्या कौतुकावर घरचे ऐकत नाहीत.

आणि हो, तो देव नव्हता. बंदीच्या काळात बॉक्सर जो फ्रेझर त्याच्या बाजूनं उभा राहिला होता, त्यालाच पुढे त्यानं जगासमोर गोरिला म्हणून हिणवलं. फ्रेझरच्या मनातली ती जखम कितीतरी वर्षं भरली नाही. आप्पांना हे माहीत असतं तर त्यांनी तेच धरून ठेवलं असतं, आणि त्या मुद्द्यावर मला आजही गप्पच बसावं लागलं असतं.