देव मानत नाही, मग दारू कोणाच्या हवाली करू?

प्रश्न : ताई, मी 38 वर्षांचा, नागपूरला इंदोऱ्यात राहतो, हिंगणा एमआयडीसीत नोकरी. आधी रोजचा एक पव्वा होता, आता दोन लागतात. लहानपणापासून 22 प्रतिज्ञा पाठ आहेत, 'मी दारू पिणार नाही' ही त्यातलीच, त्यामुळे विहारात जायचीही लाज वाटते. मित्राने एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ग्रुपच्या मीटिंगला नेलं. तिथे म्हणतात दारूपुढे आपण हतबल आहो हे कबूल करा, अन् स्वतःला उच्च शक्तीच्या हवाली करा. मी देव मानत नाही. अन् हतबल म्हणायचं म्हणजे हार मानणंच झालं ना? बाबासाहेबांनी तर लढायला शिकवलं. मी माझ्या जोरावर सोडतो पण, फक्त तिसऱ्या दिवशी परत सुरू होते. सकाळी हात थरथरतात.

उत्तर : भाऊ, देवाचं नंतर बोलू, आधी त्या थरथरणाऱ्या हातांचं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की काही तासांतच थरथर, घाम, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, भान सुटतं, त्यात जीवही जातो. तुमचा तिसरा दिवस नेमका यातच येतो, म्हणून तो मनाचा कच्चेपणा समजू नका. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत जा, किती पिता ते खरं सांगा, दोन पव्वे म्हणजे 360 मिली, तेवढंच सांगा, अर्धं नको. तिथे गोळ्या, बी-वन व्हिटॅमिन देऊन नीट उतरवतात. माझ्या मते हवाली करणं इथूनच सुरू होतं, कशी सोडायची हे एकट्याने ठरवणं थांबवायचं.

आता देव. एए 1935 साली अमेरिकेत सुरू झालं आणि 1939 मध्ये दारू सोडण्याच्या त्यांच्या 12 पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांच्यातच देव न मानणारे लोक होते, त्यांच्या आग्रहामुळेच 'आम्हाला जसा समजला तसा' देव असे शब्द आले. मेंबर व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. खूप जण ग्रुपलाच ती शक्ती मानतात. तुम्ही तर विहारात 'संघं सरणं गच्छामि' म्हणत मोठे झालात, माणसांच्या आधाराला जाणं तुम्हाला परकं नाही हो, त्या खोलीत बसलेले दहा-बारा जण, जे तुमच्यासारखेच प्यायले आणि आज पीत नाहीत, ते पुरेसे आहेत. आणि लाजेपायी विहार सोडू नका, प्रतिज्ञा मोडली म्हणून दार बंद होत नाही.

हतबल कशापुढे, तेही नीट बघा. पोराची फी, कंपनीतली शिफ्ट, हक्कासाठीची लढाई यातलं काहीही कोणी सोडायला सांगत नाहीये. सोडायचा तो एकच हट्ट, की पहिला घोट घेतल्यावर कुठे थांबायचं ते मी ठरवीन. संध्याकाळी कंपनीची बस चौकात सोडते, खिशात पाचशेची नोट असते आणि डोक्यात सुरू होतं, आज एकच, उद्यापासून बंद, आज तर सुपरवायझरने फालतू बोलला, आणि हा वाद तुम्ही रोज एकटेच घालता आणि रोज हरता. तिथे वाद घालायचाच नाही, बसमधून उतरायच्या आधी ग्रुपमधल्या माणसाला फोन लावायचा आणि घरी पोचेपर्यंत बोलत राहायचं, दारूवर बोललंच पाहिजे असंही नाही, क्रिकेटवर बोला. पगार काही महिने बायकोच्या खात्यात जाऊ द्या, पण तिची तयारी असेल तरच, आणि खिसे तपासायचं, तोंडाचा वास घ्यायचं काम तिच्यावर टाकू नका, ती आधीच थकलेली असेल.

एक अजून. घरचे कोणी दारू सोडवायची पावडर नाहीतर गोळी भाजीत लपवून द्यायचं म्हणत असतील तर सक्त नाही म्हणा. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना वरून दारू गेली तर हृदयावर येऊ शकतं, ते डॉक्टरांनी सांगून, तुमच्या मर्जीनेच घ्यायचं असतं.

रात्री तलफ आली आणि कोणी फोन उचलला नाही तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, मन फारच खचलं तर टेलि-मानस 14416, तो चोवीस तास चालतो. बायकोला अल-अनॉनबद्दल सांगा, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा तो वेगळा ग्रुप असतो, तुम्ही सोडा किंवा नका सोडू, तिने तिथे जायला हरकत नाही.