पावसाने दिलेली सुट्टी

"मावशी, सलाम. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, वय 39. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते, सोमवार ते शनिवार. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. रविवारी सकाळी संडे स्कूल, मग उपासना, गायनमंडळात मी आहेच, नंतर महिला संघ, घरी येऊन मटणाचा स्वयंपाक, चारनंतर आजाऱ्यांच्या भेटी आणि संध्याकाळी कॉटेज मिटिंग, म्हणजे कुणाच्या तरी घरची प्रार्थनासभा. नवरा म्हणतो, 'कशाला एवढं करतीस?' गेल्या महिन्यात संध्याकाळी जोराचा पाऊस आला, लाइट गेली आणि मिटिंग रद्द झाल्याचा निरोप आला. मावशी, मला इतका आनंद झाला की चहा घेऊन गॅलरीत बसले आणि रडले. चहा गार झाला तरी तशीच बसून होते. मग लाज वाटली. देवाच्या कामाचा कंटाळा येणारी मी कसली विश्वासणारी? हल्ली प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळा लागतो. माझा विश्वास कमी पडतोय का?"

पोरी, सलाम.

आपल्याकडे कुणी भेटलं की कानडीत पहिला प्रश्न येतो, "आराम अदीरी?" समोरचा धापा टाकत असला तरी म्हणतो, "आराम!" दिवसातून दहा वेळा आरामाची चौकशी आणि दहा वेळा खोटं उत्तर. तू निदान खरं लिहिलंस.

विश्वासाचं आधी सांगते, म्हणजे तो घोर सुटेल. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून देवाजवळ मरण मागतो, ते बायबलात 1 राजे 19 मध्ये काढून वाच. एवढा मोठा संदेष्टा आणि पार गळून गेलेला. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. उठवून भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊ घालतो. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. तेव्हा गुडघ्यावर डोळा लागला तर सरळ अंथरुणावर जाऊन झोप. राहिलेली प्रार्थना सकाळी होईल.

आता त्या आनंदाचं. तुला देवाचा कंटाळा आलेला नाही. खुर्च्या मांडायचा, कपबशा मोजायचा आणि पुढची मिटिंग कुणाच्या घरी ते ठरवायचा कंटाळा आलाय. हे दोन वेगळे आहेत. आपल्या मंडळीत ते एकात एक मिसळलेत, त्याला तू एकटी काय करणार? येशू घरी आला तेव्हा राबणारी मार्था आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया, या बहिणींवरचा उपदेश मी आयुष्यात किती वेळा ऐकला, मोजदाद नाही. मार्थेला दगदगीबद्दल बोल लावायचा आणि आशीर्वाद झाला की जाहीर करायचं, "बहिणींनी कृपया चहाची व्यवस्था पाहावी." एकदा मी मागच्या बाकावरून मोठ्यानं हसले होते. घरी बोलणी खाल्ली.

माझं माहेर खानापूरकडचं. आमचा एक बैल आणि लिंगायत शेजाऱ्याचा एक, पैऱ्यानं जोडी जमवलेली. शेजाऱ्याचा सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आमचा रविवार प्रभूचा, त्या दिवशी आमच्यात औत धरत नसत. त्यामुळे ऐन चिखलणीच्या दिवसांत, पाऊस पडून वाफे भरलेले असताना, ती जोडी दोन दोन दिवस गोठ्यात रवंथ करत बसायची. जू वळचणीला टांगलेलं. गावातले हसायचे, फादरच्या बैलांची चैन आहे म्हणायचे. (आमच्या वडिलांना गाव फादर म्हणायचं. ते साधे शेतकरी होते.) लावणीला उशीर होईल म्हणून कुणी टोकलं तर वडील एवढंच म्हणत, "उद्या बी शेत हितंच हाय."

आणि आई? रविवारी पहाटे चार वाजता चूल. पाच कोसांवरून चालत उपासनेला येणारी माणसं आमच्याकडे जेवून जायची. बैलांना दोन सुट्ट्या, आईला एकही नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी स्वतः चाळिशीला कंबर धरून बसले तेव्हा आलं.

बायबलातल्या अनुवाद या पुस्तकातलं 5:14 उघड. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी कुणी काम करायचं नाही त्याची यादी आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. बायको नाही! जाणकार सांगतात की "तू" म्हटलं त्यात ती आलीच. असेल. आमच्या घरी मात्र वाचताना ती गळली. पुढच्याच वचनात कारण दिलंय: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. म्हणजे ज्यांना एके काळी सुट्टी मागायची सोय नव्हती त्यांना ही आज्ञा दिलीय, आणि आता तुमच्या हाताखालच्यांनाही थांबू द्या म्हणून बजावलंय. मला या आज्ञेत धाक कधी दिसला नाही.

रविवारची सुट्टीसुद्धा आपल्याला अशीच भांडून मिळालीय. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टीच नसायची. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, त्याला काही वर्षं गेली आणि 1890 मध्ये रविवार मोकळा झाला. तुझा कारखाना रविवारी बंद असतो. त्या दिवशी तू दुसरी पाळी करतेस, एवढाच फरक.

मग काय सोडायचं? तूच मला कसोटी दिलीस. रविवारचं एकेक काम डोळ्यासमोर आण आणि विचार कर, पावसानं हे रद्द झालं असतं तर मला वाईट वाटलं असतं का? ज्याला वाईट वाटेल ते ठेव. तुझ्या पत्रात संडे स्कूलबद्दल एक अक्षर तक्रारीचं नाही, म्हणजे पोरांमध्ये तुझा जीव रमत असावा. कॉटेज मिटिंगचं उत्तर तर तू रडून दिलंयस.

पाळकांना जाऊन भेट. फोनवर नको आणि ग्रुपवर तर मुळीच नको. सांग, "मी संडे स्कूल आणि गायन सांभाळते. कॉटेज मिटिंगला महिन्यातून एकदा येईन. महिला संघाचं काम पुढच्या वर्षी दुसऱ्या बहिणीकडे द्या." तब्येतीचं निमित्त सांगू नकोस. तब्येत सुधारली की लगेच बोलावणं येतं. चार जणी बोलतील, दोन रविवार बोलतील. तिसऱ्या रविवारी बोलायला दुसरं कुणी मिळेल. आणि पाळकांच्या बायकोलाही विचार, ती शेवटची निवांत कधी बसली होती.

आजाऱ्यांच्या भेटींचं तुला जड जाईल, ते मला कळतं. तिथे माणूस वाट बघत असतो. मार्क 6 मध्ये येशू शिष्यांना म्हणतो, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती. ते नावेतून निघतात, तर लोक किनाऱ्यानं धावत आधीच पोचलेले! येशूला त्यांचा कळवळा येतो, तो थांबतो, शिकवतो, जेवू घालतो. पण त्याच संध्याकाळी शिष्यांना नावेत बसवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटा डोंगरावर जातो. तू अजून कुणालाच निरोप दिलेला नाहीस. एका रविवारी एकच घर, एवढं पुरे.

यहुद्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यावर लागतो आणि शनिवारी सूर्य मावळेपर्यंत असतो. उत्पत्तीतही "संध्याकाळ झाली, सकाळ झाली" असाच दिवस मोजलाय. म्हणजे दिवसाची सुरुवातच आडवं होण्यानं, काम त्यानंतर. आपला रविवार पुनरुत्थानाचा, तो तसाच राहू दे. पण तू शनिवारी दिवेलागणीपासून सुरू करून बघ. कामावरून आलीस की हिशेबाची पिशवी कपाटात, फोनही कपाटात. सार-भात आणि पापड, त्या रात्री दुसरं काही नाही. सासूबाई कुरकुरतील, त्यांना गॅलरीत खुर्ची टाकून दे आणि शेजारी बस. त्यांच्या तरुणपणच्या रविवारांबद्दल विचार. मला वाटतं, त्या बरंच बोलतील. उन्हाळ्यात मुलांना घेऊन वॅक्सिन डेपोच्या झाडांखाली एक फेरी मार. पण फेरीला फेरीच असू दे, त्यात कुणाच्या घरी डोकावायचं नाही.

"कशाला एवढं करतीस?" म्हणणाऱ्या नवऱ्याच्या हातात रविवारी लसणाची गड्डी ठेव. मटण त्यानं आणायचं आणि त्यानंच शिजवायचं. खारट झालं तर सगळ्यांनी मुकाट खायचं, तूसुद्धा, आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं नाही. हे तुला सगळ्यात अवघड जाईल, लिहून ठेव.

आणखी एक. मी बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, तेव्हा हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. गुडघे टेकताच झोप येणं, साध्या गोष्टीला रडू येणं, यामागे नुसती दगदग असेलच असं नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. दोन आठवडे नीट झोपूनही मन उदासच राहिलं, तर डॉक्टरांना तेही सांग, लपवू नकोस. तुझ्या वयाच्या कितीतरी बायका माझ्यासमोर रक्त कमी असताना प्रार्थना कमी पडते म्हणून रडल्यात. गोळ्या सुरू केल्यावर दोन महिन्यांत त्यांचा आवाज बदललेला मी ऐकलाय.

रक्त सोमवारी सकाळी दे. कारखान्यात अर्धा दिवस रजा टाक, आणि तो अर्धा दिवस दुसऱ्या कुठल्या कामाला लावू नकोस. रिपोर्ट आला की मला कळव.

तुझी मावशी