गाठ बघताना आधी कडा बघ

चि. …… यास अनेक आशीर्वाद.

गाठ म्हणजे कॅन्सरच का, असं तू विचारलंस. नाही. साधी गाठ कितीही वाढली तरी आजूबाजूच्या ऊतींना बाजूला सारते, त्यांच्यात घुसत नाही. घातक गाठ घुसते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या कापाची स्लाइड पाहताना गाठीच्या आकाराकडे नंतर वळ, आधी कडा बघ. अस्तराच्या पेशींखाली बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा अतिशय पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्याच्या अलीकडे असतील, तर गाठ पूर्ण काढून रुग्ण बरा होण्याची आशा खूप मोठी असते. पडदा फोडून पलीकडे गेल्या, की रक्तवाहिन्या आणि ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या त्यांच्या हाताशी येतात. ही कड तपासताना घाई करू नकोस.

‘कॅन्सर पसरला’ असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात त्या पेशीला शेजारणींशी असलेली पकड सोडावी लागते, विकरांनी (एन्झाइम्सनी) वाट पोखरावी लागते, रक्ताच्या प्रवाहाचा मार आणि प्रतिकारपेशींचा हल्ला सोसावा लागतो. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. ज्या पोचतात, त्यांतल्याही फार थोड्या रुजतात.

रुजणं हाच माझ्या मते सगळ्यात विचार करण्याजोगा भाग. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे जातं! त्याने म्हटलं, बी सगळीकडे पडतं, पण उगवतं मानवेल त्याच जमिनीत. रक्ताची वाटही महत्त्वाची आहेच, मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात जातो तो बराचसा आतड्यातलं रक्त यकृतात नेणाऱ्या पोर्टल शिरेमुळे. पण नुसत्या वाटेने पॅजेटचे आकडे उलगडत नाहीत. काही पेशी तर दुसऱ्या अवयवात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि मग वाढू लागतात. त्या का जागतात, हा प्रश्न तुझ्या पिढीने हातात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे वॉर्डात कुणी विचारेल, ‘स्तनाचा होता, आता हाडांचाही झाला का?’ तेव्हा शांतपणे बसून सांग, की हाडातल्या त्या पेशी स्तनाच्याच आहेत, आणि औषधंही स्तनाच्या कॅन्सरवरचीच द्यायची आहेत.